दुसरा पडत नाही

सिद्धार्थ, माझा धाकटा भाऊ, ऑफिसात टेबलावर डोकं ठेवून बसला आणि उठला नाही. मला फोन आला. मी कॉलेजच्या ग्रंथालयाला कुलूप लावलं आणि मुलुंडहून घाटकोपरला गेलो. संध्याकाळी त्याचा एक सहकारी त्याची मोटारसायकल आमच्या कांजूरमार्गच्या सोसायटीत आणून उभी करून गेला. किल्ली माझ्या हातात देताना तो म्हणाला, "गिअरचं बघून घ्या. दुसरा पडत नाही."

जलदान विधीला लोक आले. अशा वेळी काय विचारायचं हे आपल्याकडे ठरलेलं असतं. कसं झालं, काही त्रास होता का, वय काय होतं. प्रत्येकाने ते विचारलं आणि मी प्रत्येकाला तेच उत्तर दिलं. पहिल्या मजल्यावरचे परबकाका तेवढे वेगळे निघाले. त्यांनी फोटोला हात जोडले, चहा नको म्हणाले, माझ्या शेजारी येऊन बसले आणि विचारलं, "मास्तर, गिअर कसे पडतत?"

मी म्हटलं, दुसरा पडत नाही म्हणतात. तसे ते उठले, चपला घातल्या, दाराशी टेकवलेली आपली छत्री घेतली आणि खाली गेले. मी खिडकीतून पाहिलं. लोक सिद्धार्थबद्दल चांगलं बोलत जिना उतरत होते आणि परबकाका मोटारसायकलीजवळ उकिडवे बसून, छत्रीचं टोक इंजिनावर टेकवून, तिची मूठ कानाला लावून डोळे मिटून ऐकत होते.

इंजिन बंद होतं.

परबकाकांची ओळख करून द्यायची तर ते काय नाहीत इथपासून सुरुवात करावी लागते. ते मेकॅनिक नाहीत. ड्रायव्हर नाहीत. त्यांच्याकडे लायसन्स नाही आणि त्यांनी आयुष्यात सायकलसुद्धा चालवलेली नाही. शहराच्या बसमध्ये ते कंडक्टर होते आणि सगळी नोकरी त्यांनी बसच्या मागच्या भागात उभ्याने काढली. गिअरमधलं त्यांना कळतं, या दाव्याचा पाया एवढाच. यावर कोणी हसलं तर ते त्याच्याकडे कीव आल्यासारखं बघतात. म्हणतात, "डायवर गिअर टाकतो. टाकणाऱ्याला ऐकू येतो काय? ऐकतो तो कंडक्टर." जेवण बनवणाऱ्यापेक्षा वास घेणाऱ्याला स्वयंपाक जास्त कळतो, असा हा सिद्धांत आहे. तो खोडून काढायचा मी एकदा प्रयत्न केला होता. काका म्हणाले, "गप रव. ऐकतंय." तेव्हा रस्त्यावरून एक टेम्पो चालला होता.

मूळचे ते मालवणकडचे. वडील गिरणीत होते, गिरणी बंद पडली, मुलगा बसवर चिकटला. बायको गेली त्याला बरीच वर्षं झाली. मुलगा पुण्याला असतो. तो दर रविवारी सकाळी वडिलांना फोन करी आणि वडील तो उचलत नसत. दुपारी स्वतःहून फोन करून "ड्युटीवर होतो" एवढंच सांगत. निवृत्त माणूस कसल्या ड्युटीवर असतो, हे मुलाने मला एकदा जिन्यात विचारलं होतं. मला ठाऊक नव्हतं. रविवारी सकाळी सिद्धार्थ त्यांना मागे बसवून कुठेतरी नेई एवढं मी खिडकीतून पाहिलं होतं. दोघं मिसळ खायला जात असावेत, असं मी माझ्यापुरतं ठरवलं होतं.

माणसांकडेही काका गिअरच्या अंगाने बघतात. सोसायटीचे सेक्रेटरी त्यांच्या मते "न्यूट्रलमध्ये रेस करणारे". दुसऱ्या मजल्यावरची नवी सून "पहिला सोडून डायरेक्ट चौथा". डंपिंग ग्राउंडचा वास जोरात आला की म्हणतात, आज वाऱ्याने टॉप टाकलाय. मी ग्रंथपाल आहे हे त्यांना अनेकदा सांगून झालं, पण पुस्तकं राखतो तो मास्तरच, यावर ते ठाम आहेत. आणि मास्तर म्हणजे "पहिल्यावर मुलुंडपर्यंत जाणारा माणूस." हे मला लागत नाही. खरं आहे म्हणूनही असेल.

सिद्धार्थला मात्र ते फक्त "डायवर" म्हणत.

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात तिकिटं पंच करायचा चिमटा असतो. निवृत्त होताना तो परत करायचा असतो. तो कसा राहिला, याच्या काकांकडे दोन हकिगती आहेत आणि दोन्हींत चिमटा स्वतःहून खिशात आला आहे. बोलताना ते तो वाजवतात. एकदा टक् म्हणजे थांब. दोनदा टक् टक् म्हणजे चालू दे. समोरचा माणूस लांबण लावू लागला की खिशातून एक टक् येतं. सोसायटीच्या सर्वसाधारण सभेत याचा फार उपयोग होतो.

माझा विचार साधा होता. गाडी ठेवायची तर ती मला चालवता यायला हवी. नाही आली तर विकून टाकायची. ती खाली नुसती उभी, आणि मी रोज तिच्या बाजूने बसस्टॉपकडे चाललोय, हे मला झेपणार नव्हतं. आम्ही दोघंच राहत होतो. लग्न दोघांचंही राहून गेलं होतं. घरात त्याच्या सगळ्याच वस्तू होत्या, पण त्या कपाटात, मोरीत, शेल्फावर होत्या. त्यांचं दार लावता येत होतं. गाडीचं दार लावता येत नाही.

लायसन्स माझ्याकडे होतं. कॉलेजात असताना मित्राच्या मोटारसायकलीवर काढलेलं, आणि तेव्हापासून मुख्यतः ओळख पटवण्यासाठी वापरलेलं.

गाडी सिद्धार्थने जुनी घेतली होती. घेतली त्याच वर्षी विक्रोळीला तो तिच्यावरून घसरला, डावा घोटा मोडला, आत पट्टी आणि स्क्रू बसले. प्लास्टर निघालं तरी घोटा पहिल्यासारखा वाकेना. डॉक्टरांनी मोटारसायकल विसरा म्हणून सांगितलं. थोड्याच महिन्यांत तो पुन्हा तिच्यावरून ऑफिसला जायला लागला. मी चिडलो, तो हसला, आणि विषय तिथे संपला.

मी पहिल्यांदा गाडी कंपाउंडमध्ये चालवली तेव्हा काका गॅलरीत उभे होते. हिचे गिअर तसे सोपे. डाव्या पायाशी एक आडवा लिव्हर, पुढे एक टोक, मागे एक टोक. पुढच्या टोकावर पंजा दाबला की गिअर चढतो, मागच्या टोकावर टाच दाबली की उतरतो. पहिला पडला. दुसरा पडला. तिसरा पडला. उतरताना तिसऱ्यातून दुसऱ्यात यायचं तर टाच दाबली, आणि काही झालं नाही. पुन्हा दाबली. गिअर ना तिसऱ्यात ना दुसऱ्यात, मध्येच कुठेतरी लटकला, इंजिन ओरडलं आणि मी देसाईबाईंच्या तुळशीपाशी थांबलो. वरून आवाज आला, "तेल."

तेल बदललं. तेल बदलून काही झालं नाही, तेव्हा काका म्हणाले, "मी म्हटलंच होतं, तेल नाही." असं ते म्हणाले नव्हते, उलटच म्हणाले होते. पण त्यांच्याशी वाद घालायला माणूस दोन स्टॉप आधी चढलेला असावा लागतो.

मग क्लचची केबल झाली. "केबल सुकली हा," असं निदान झालं. ती काढून काकांनी आपल्या गॅलरीतून उभी खाली सोडली. वरच्या टोकाला दुधाच्या पिशवीचा कोपरा कापून नरसाळं बांधलं, त्यात तेल ओतलं, खालच्या टोकाशी वाटी ठेवली. येणाऱ्या-जाणाऱ्याला "सलाइन लावलाय" असं सांगत ते दिवसभर तिथे खुर्ची टाकून बसले. पेशंटला आराम पडत होता. तळमजल्यावर देसाईबाईंनी नेमक्या त्याच दिवशी कुरडया वाळत घातल्या होत्या, आणि वाटी वाऱ्याने कलंडली. देसाईबाई जे बोलल्या ते मी वाचलेल्या पुस्तकांत नाही. काकांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "तशा त्या तळायच्याच होत्या ना?"

सेक्रेटरींनी फलकावर नोटीस लावली की गॅलरीतून कपड्यांव्यतिरिक्त काहीही खाली सोडू नये. काकांनी ती वाचली, एक टक् वाजवलं आणि वर गेले.

केबलनंतर चेन. चेननंतर मी. यंत्रात दोष उरला नाही की काका माणसात शोधतात. "तू पान उलटल्यासारखो गिअर टाकतंस," म्हणाले. "बोट लावून. हळूच. पुढे काय आसा कोण जाणे, असा." मी म्हटलं, काका, टाच दाबतो तेव्हा लिव्हर पुढे जातच नाही. ते म्हणाले, "जाईल. तू वाचायचा कमी कर."

एका रविवारी ते स्वतःहून मागे बसले. सिद्धार्थचं जास्तीचं हेल्मेट त्यांनी आणलं होतं. ते त्यांच्या घरी कसं होतं हे मी विचारलं नाही. कानाजवळ टक् टक् झालं आणि आम्ही निघालो. हायवेच्या बाजूच्या रस्त्याने भांडुपकडे चाललो होतो तर मागून टक्. मी घाबरून गाडी बाजूला घेतली. मला वाटलं काहीतरी तुटलं. समोर एक बसस्टॉप होता. बाकाखाली कुत्रं झोपलं होतं. थोडं थांबून मागून टक् टक् आलं. आम्ही निघालो. पुढच्या स्टॉपला पुन्हा टक्.

"काका, काय झालं?"

"सवय," ते म्हणाले.

सिग्नलला मला दुसरा हवा होता. टाच दाबली. गिअर लटकला. टाच पुन्हा दाबली, आणि सिग्नल हिरवा झाला तेव्हा आम्ही रस्त्याच्या मधोमध भोंगा वाजवल्यासारखे ओरडत उभे होतो. मागच्या रिक्षावाल्याने आमच्या वयाचा मान राखून "अरे चाचा, चलो ना यार," एवढंच म्हटलं. काका वळले. नोकरीतल्या सगळ्या वर्षांचा अधिकार त्यांच्या आवाजात उतरला. "मागून दुसरी गाडी येता," त्यांनी त्याला सांगितलं. "रिकामी आसा. तिच्यात बस."

त्या दिवशी गाडी ढकलत घरी आणताना मी ठरवलं की विकायची.

घेणारा लगेच मिळाला. सिद्धार्थच्या ऑफिसातल्या कोणाचा तरी मेहुणा, वाकोल्याला राहणारा, बोलायला बरा मुलगा. तो गाडी बघायला आला तेव्हा काका माझ्या आधी खाली हजर होते. त्यांनी गाडीचं कौतुक केलं. म्हणाले, गाडी झकास आहे, फक्त गिअर, क्लच, चेन आणि मागचा ब्रेक सोडून. इंजिनाच्या स्वभावाबद्दल त्यांनी असं काही सांगितलं की ती मी कधी चालवली याचीच मला भीती वाटली. मुलगा हसला. गाडी त्याला आवडली होती. तो म्हणाला, "काका, गिअरचं तेवढं करून द्या. दसऱ्याला घेऊन जातो. घरी पूजा करायचीय." मी हो म्हणालो, शब्द दिला.

म्हणजे गिअर दुरुस्त झाला की गाडी जाणार, हे ठरलं. आणि त्या दिवसापासून काकांचा उपचार मंदावला. एरवी रोज काही ना काही उघडून बसणारा माणूस आता घाई नको म्हणू लागला. पावसात इंजिन उघडायचं नाही, वाफ धरते. मग गणपतीला गावाला जाऊन येतो, तोवर कोणी हात लावायचा नाही. गावाहून आले तर पितृपक्ष लागला. पक्षात यंत्राला पाना लावत नाहीत, असं त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, काका, आम्ही पक्ष पाळत नाही, तुम्हाला ठाऊक आहे.

"तू नाय पाळत," ते म्हणाले. "गाडी सेकंडहँड आसा. आधीचा मालक पाळीत असलो तर?"

सिद्धार्थ असता तर यावर खूप हसला असता. दसऱ्याला काका त्याच्या गाडीला झेंडूचा हार घालायचे तेव्हाही त्यांचा हाच वाद व्हायचा. मी हे मानत नाही, तो म्हणायचा. तू मान नको, मी गाडीला घालतोय, काका म्हणायचे. मग दोघं त्याच हारासकट कुठेतरी निघून जायचे.

शेवटी मी त्यांना न विचारता गाडी भांडुपच्या एका गॅरेजात नेली. न विचारता म्हणजे, मी पोचलो तेव्हा काका रिक्षाने येऊन तिथल्या स्टुलावर बसलेले होते. मला आजही कळलेलं नाही की त्यांना कुठून कळलं. गॅरेजवाल्याने गाडी स्टँडवर घेतली आणि डाव्या बाजूला वाकला. "साहेब, हा लिव्हर बघा कसा..." एवढं तो म्हणाला आणि काका उठून त्याच्या आणि गाडीच्या मध्ये उभे राहिले.

"लिव्हरक हात लावायचा नाय. तो मी बसवलाय. बरोबर आसा."

"अहो पण काका..."

"बरोबर आसा म्हणतंय ना. दुसरा काय तां बघ."

गॅरेजवाल्याने माझ्याकडे पाहिलं. मी काकांकडे पाहिलं. काकांनी गुडघ्यावरचं फडकं लिव्हरवर टाकलं, जणू तो उघडा होता. गॅरेजवाला म्हणाला, मग आतलं इंजिन खोलावं लागेल, आणि ते दसऱ्याआधी व्हायचं नाही. काकांना ते एकदम पटलं. "मी बसवलाय" हे मी त्यांच्या इतर कर्तबगारीत जमा केलं आणि गाडी परत आणली. त्या वेळी मला त्यांचा खरोखर राग आला होता. माणसाने जाणकार असल्याचं सोंग करावं, पण ते दुसऱ्याच्या घरच्या गोष्टीत किती ताणावं, असं मनात येऊन गेलं.

दसरा तोंडावर आला. एका सुट्टीच्या सकाळी मी सिद्धार्थचे कपडे काढायला घेतले. द्यायचेच होते, कधीतरी सुरुवात करायला हवी होती. शर्ट झाले, पँटी झाल्या. चपलांच्या स्टँडवर त्याचे काळे बूट होते, ऑफिसला जायचे. मी ते पुसायला घेतले आणि थांबलो. डाव्या बुटावर, वरच्या बाजूला, बोटांच्या थोडं मागे, एक आडवा पट्टा होता. चामड्याचा रंग तिथे पार गेला होता. उजवा बूट ठीक होता. मला आठवलं की रविवारी रात्री पॉलिश करताना तो डाव्याला दुप्पट वेळ लावायचा. मी पेपर वाचत असायचो.

टाचेने गिअर उतरवणाऱ्याच्या बुटावर वरून पट्टा पडत नाही.

मी बूट घेऊन खाली गेलो. गाडी मधल्या स्टँडवर घेतली. काकांनी लिव्हरवर पुन्हा टाकून ठेवलेलं फडकं बाजूला केलं आणि पहिल्यांदाच तो लिव्हर नीट पाहिला. पुढचं टोक वर होतं, असायला हवं त्यापेक्षा बरंच वर. त्यामुळे मागचं टोक खाली गेलेलं, पाय ठेवायच्या दांडीच्या बरोबरीला आलेलं. मी टाच दाबायचो तेव्हा ते जरासं जायचं आणि माझी टाच त्या दांडीवर अडायची. टाचेला पुढे दाबायला जागाच नव्हती. आत काही बिघडलं नव्हतं. तेल, केबल, चेन, कशातच काही नव्हतं.

मी पुढचं टोक दाबत तिसरा टाकला आणि बुटात हात घातला. बूट पुढच्या टोकाखाली सरकवला. पट्टा बरोबर तिथे बसला. दुसऱ्या हाताने मागचं चाक फिरवत बूट वर उचलला.

खट्. दुसरा पडला.

घोटा वाकत नव्हता म्हणून तो टाच वापरतच नव्हता. अख्खा पाय गुडघ्यातून उचलून, खालून वर, तो गिअर उतरवत होता. त्या न वाकणाऱ्या पावलाला खाली शिरायला जागा हवी म्हणून लिव्हर वर घेतलेला होता. मी पुन्हा चाक फिरवलं. पुन्हा उचललं. किती वेळा ते सांगता येणार नाही.

वर पाहिलं तर काका गॅलरीत होते. ते खाली आले. छत्री आणली नव्हती. हातात पाना होता.

"कळला?" त्यांनी विचारलं.

मी मान हलवली.

मग त्यांनी सांगितलं. ते हळू बोलत होते आणि त्यात एकही गिअर नव्हता. प्लास्टर निघालं त्या आठवड्यात सिद्धार्थ त्यांच्याकडे गेला होता. मी कॉलेजात होतो. तो गाडीवर बसला, काका खाली बसले, आणि दुपारभर दोघांनी तो लिव्हर एकेक दाता फिरवून बसवला. सिद्धार्थ पाय अधांतरी धरून सांगायचा, काका, जरा वर. अजून जरा. आता खाली. हां. गल्लीत चालवून बघितली, परत आणली, परत एक दाता. दुसरा पहिल्यांदा पडला तेव्हा त्याने काकांना मागे बसवलं आणि विचारलं, कुठे जायचं बोला.

"मी काय बोलणार," काका म्हणाले. "मी म्हटलं, माझो रूट."

चेंबूरहून वाकोल्यापर्यंत त्यांची बस जायची. तेव्हापासून दर रविवारी सिद्धार्थ त्यांना त्या रूटवरून नेत होता. प्रत्येक स्टॉपवर थांबायचं. काका टक् करणार, तो थांबणार. कोणी चढत नसे. मग टक् टक्. शेवटच्या स्टॉपला चहा आणि परत. मिसळ वगैरे काही नव्हती.

मी विचारलं, "मग मला सांगितलं का नाही? तेल काय, केबल काय, अख्खा पावसाळा घालवलात."

"सांगितलं असतं तर तू पाना लावला असतास," ते म्हणाले. "एक बोल्ट आसा. पोराटोराचा काम. सैल केलो की झाला. पण ह्या माप त्याच्या पायाचा. परत लावूचा म्हटला तर पाय खंयसून आणू?"

काकांनी सदऱ्याच्या बाहीने नाक पुसलं.

"पण तू वाकोल्याच्या पोराक शब्द दिलंस," ते म्हणाले. "दसरो इलो. लोकांका फसवूचा नाय." ते गुडघे धरत खाली बसले आणि पाना बोल्टवर लावला. नीट बसवला. हात तसाच राहिला. तुळशीपाशी उभ्या राहून देसाईबाई बघत होत्या. पाना फिरला नाही. बोल्ट घट्ट नव्हता.

"राहू दे, काका," मी म्हणालो.

"मग चालवशील कसो?"

"तो चालवायचा तसा. पाय खालून घालून."

"तुझो पाय बरो आसा."

"असू दे."

ते बोल्टकडे बघत राहिले. मग पाना काढला, खिशात चिमट्याशेजारी ठेवला आणि माझा हात धरून उठले. माझ्या दुसऱ्या हातात अजून बूट होता. त्यांनी तो बघितला.

"बूट खराब होतले," ते म्हणाले.

मी वाकोल्याच्या मुलाला फोन करून सांगितलं की गाडी विकायची नाही. त्याने कारण विचारलं. मी म्हटलं, गिअरचा प्रॉब्लेम आहे. दसऱ्याला काकांनी तिला झेंडूचा हार घातला आणि मी विरोध केला नाही. पुण्याहून काकांच्या मुलाचा मला फोन आला होता. म्हणाला, मधे काही महिने बाबा रविवारी पहिल्या रिंगला फोन उचलायचे, आता पुन्हा उचलत नाहीत, सगळं ठीक आहे ना? मी म्हटलं, ठीक आहे, ड्युटीवर असतात.

काका मला अजून मास्तरच म्हणतात. मी पाय उशिरा घालतो, घाईत उचलतो, आणि लिव्हर बसवणाऱ्याची अब्रू घालवतो, असं त्यांचं म्हणणं आहे. चेंबूरहून निघालं की प्रत्येक स्टॉपवर मागून टक् येतं आणि मी थांबतो.

दुसरा पडतो. माझ्या डाव्या बुटावर वरच्या बाजूला एक पट्टा पडला आहे.